अतिक्रमण कोणी केलं?

आमचूरच्या दिवसांत पाड्यावर कुणाच्या ओट्यावर रिकाम्या हातानं बसता येत नाही. एप्रिल संपत आला की नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात दारोदार कैऱ्यांचे ढीग लागतात. सोलायच्या, चिरायच्या, फोडी खडकावर पसरून वाळवायच्या. अवकाळीची एक सर आली तरी फोडी काळ्या पडतात आणि धडगावचा व्यापारी भाव पाडतो, म्हणून सगळ्या बायांचा एक डोळा आभाळाकडे असतो. त्या दुपारी माझ्याही पुढ्यात टोपली सरकवली गेली. मी म्हटलं, आज नको, आज मला कागद वाचून दाखवायचाय.

कागद म्हणजे ३८ पानांचा इंग्रजी अहवाल. युरोपातल्या एका देणगीदार संस्थेसाठी आमच्या संस्थेनं लिहिलेला, म्हणजे मीच लिहिलेला. वनजमिनीवरच्या हक्काचे दावे पाहणाऱ्या गावाच्या वनहक्क समितीचा सचिव आदल्या आठवड्यात सहज म्हणाला होता, “ताई, आमच्याबद्दल इतकं लिहितेस, एकदा वाचून तरी दाखव.” एकोणीस वर्षांच्या नोकरीत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मलाही कधी सुचलं नव्हतं, आणि याची मला अजून लाज वाटते.

इंग्रजी वाक्य डोळ्यांनी वाचायचं आणि तोंडानं पावरीत, म्हणजे इथल्या पावरा आदिवासींच्या बोलीत सांगायचं, असं चाललं होतं. पावरी माझी मायबोली नाही. मी तळोद्याची, घरी आम्ही अहिराणी बोलतो, पावरी मी नोकरीत लागल्यावर याच बायांकडून शिकले. पहिली तीन पानं सुरळीत गेली. पाऊस किती, घरं किती, दवाखाना किती लांब. चौथ्या पानावर वाक्य होतं की इथली बहुतेक कुटुंबं वनजमिनीवर अतिक्रमण करून शेती करतात. अतिक्रमणाला पावरीत शब्द सापडेना. मी अडखळले आणि मग नुसता अर्थ सांगितला, की दुसऱ्याच्या जागेत घुसून शेती करतात.

कोपऱ्यात बसलेल्या आजीचा चाकू थांबला. “कोण घुसलं?”

मी म्हटलं, “आजी, कागदात तसं लिहितात.”

“कोणाच्या कागदात?”

मग तिनं उतारावरच्या शेताकडे हात केला. तिथले दगड तिच्या घरच्यांनी वेचले होते. ते बांधाला लावले, म्हणून माती टिकली. वर वाघदेवाची जागा आहे, तिथं पुजारा कधीपासून नारळ चढवतो हे तिला ठाऊक होतं. वन खात्याचे हद्दीचे दगड नंतर आले. “नेवाड आहे ते,” ती म्हणाली. “तू इथं अकरा वर्षं जेवतेस. तुला माहीत नाही?”

मला माहीत होतं. जंगलातली जागा साफ करून, दगडधोंडे काढून तयार केलेल्या शेताला सातपुड्यात नेवाड म्हणतात. बोलताना मी हा शब्द हजारदा वापरलाय. लिहिताना मात्र तो माझ्या हातून कधी उतरला नाही. नेवाड म्हटलं की त्या जमिनीत कुणीतरी घाम गाळलाय हे आपोआप सांगून होतं. अतिक्रमण म्हटलं की एवढंच कळतं, की जमीन दुसऱ्या कुणाची तरी आहे.

शहाद्याला परतताना एसटीत मी विचार करत होते की हा शब्द माझ्या हातात आला कुठून. वन खात्याच्या कागदातून तो तहसीलच्या कागदात येतो, तिथून आमच्या सर्वेक्षणाच्या फॉर्मात, फॉर्मातून अहवालात, आणि अहवालातून परदेशातल्या कुणाच्या तरी टेबलावर. वाटेत त्याला कुणी अडवत नाही. गेल्या काही वर्षांत मदतीच्या क्षेत्रात ‘निर्वसाहतीकरण’ हा शब्द फार ऐकू येतो. वर्णद्वेष संपवायचा, वसाहतीच्या सवयी टाकायच्या, स्थानिकांच्या हाती सूत्रं द्यायची. मला हे मनापासून पटतं. म्हणूनच एक शब्द धरून मी त्याच्या मागं मागं गेले.

ब्रिटिशांनी १८६४ साली हिंदुस्थानात वन खातं काढलं. रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड हवं होतं. पहिला वन महानिरीक्षक डीट्रिश ब्रँडिस नावाचा जर्मन. १८६५चा कायदा घाईघाईचा होता, खरा घाव घातला १८७८च्या कायद्यानं. त्याआधी खात्यातच वाद झाला. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या जंगलातून जे घेतात, तो त्यांचा हक्क धरायचा की सरकारची मेहेरबानी? ब्रँडिस मधला मार्ग काढू पाहत होता. बेडन-पॉवेल नावाच्या अधिकाऱ्याचं म्हणणं पडलं की राज्यकर्त्यानं दिलेला नसेल तर तो हक्कच नव्हे. कायदा त्याच्याच बाजूनं झाला.

हे मला आधी माहीत होतं. माहीत नव्हती ती त्याच वर्षीची दुसरी गोष्ट. लंडनला लागून एपिंग नावाचं जंगल आहे. तिथल्या जमीनदारांनी जंगलाला कुंपणं घालून ते गिळायला सुरुवात केली, तेव्हा गुरं चारण्याच्या जुन्या वहिवाटीवर बोट ठेवून लोक कोर्टात गेले. १८७४ साली कोर्टानं ती कुंपणं बेकायदा ठरवली, आणि १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटनं कायदा करून ते जंगल सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं. साल एकच, राज्य एकच. तिथं वहिवाट म्हणजे हक्क आणि कुंपण घालणारा चोर. इथं कुंपण घालणारं सरकार आणि वहिवाट असलेला माणूस चोर. तिकडच्या शेतकऱ्याची आठवण पुरावा ठरली आणि इकडच्या आदिवासीची ठरली नाही, याला वर्णद्वेष म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? शिवी नाही, मारहाण नाही. कुणाच्या तोंडच्या शब्दाला वजन द्यायचं आणि कुणाच्या नाही, एवढंच ठरवलं गेलं.

मग स्वातंत्र्य आलं. वनांचा १९२७चा कायदा तसाच राहिला, जमीन संपादनाचा १८९४चाही. १९७९ साली नर्मदा पाणीतंटा लवादाचा निवाडा आला. नर्मदेवर गुजरातेत व्हायच्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्रातली ३३ गावं बुडणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली. जमिनीच्या बदल्यात जमीन, असं निवाड्यात होतं, पण जमीन म्हणजे कागदावरची जमीन. या दोन तालुक्यांतली ७३ गावं वनगावं म्हणून नोंदलेली. जिथं सातबाराच नाही, तिथं नेवाड कोण मोजणार? आणि १९८५ साली जागतिक बँकेनं या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, तेव्हा १८७८ साली जे वाक्य कायद्यात बसलं होतं, तेच आता वॉशिंग्टनच्या करारात जाऊन बसलं.

‘जागतिक बँक’ हे शब्द मी लहानपणीच ऐकले. आमचे वडील एसटीत कंडक्टर, तळोदा–मोलगी–धडगाव त्यांची लाइन. घरी आले की पैशांच्या पिशवीबरोबर बातम्याही यायच्या. तळोद्यालाही एक बँक होती, लोखंडी जाळीमागे कारकून बसलेला. जागतिक बँक म्हणजे तशीच, पण फार मोठी, आणि तिच्या जाळीमागचा माणूस कधीच दिसत नाही, असं माझ्या मनात होतं. १९९० साली विस्थापितांना वसवायला तळोद्याचं २७०० हेक्टर जंगल मोकळं करायचं ठरलं. त्या जंगलात आधीच आदिवासी शेती करत होते. म्हणजे एका अतिक्रमणदाराला उठवून तिथं दुसऱ्या अतिक्रमणदाराला बसवायचं, आणि मूळ घर तर दोघांचंही तोडायचं. रोझवा, सोमावल या वसाहतींकडे जाणाऱ्या गाड्या मी शाळेतून येताना पाहिल्यात. भांडी, कोंबड्या, दारांच्या चौकटी, वर बसलेली पोरं. वडील त्या दिवशी जेवताना काही बोलले नाहीत.

या धरणाविरुद्ध नर्मदा बचाओ आंदोलनानं लढा दिला. त्या लढ्यानं काय मिळवलं, हे इथं लिहिलंच पाहिजे, कारण हल्ली तरुण कार्यकर्त्यांना वाटतं की परदेशात बाजू मांडणं म्हणजे विमानाची तिकिटं उडवणं. १९८९ साली मेधा पाटकर अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढं साक्ष द्यायला गेल्या. १९९० साली जपाननं टर्बाइनचे पैसे थांबवले. १९९१ साली जागतिक बँकेला स्वतःच्याच प्रकल्पाची तपासणी बाहेरच्या माणसांकडून करून घ्यावी लागली. तिच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स, आणि उपाध्यक्ष कॅनडाचे थॉमस बर्जर.

मला बर्जर यांच्याबद्दल थोडं थांबून सांगायचंय. १९७४ ते ७७ या काळात कॅनडाच्या उत्तर भागात मॅकेंझी खोऱ्यातून गॅसची पाइपलाइन न्यायची की नाही, याची चौकशी त्यांच्याकडे होती. ते गावोगाव गेले. बर्फातल्या लहान वस्त्यांत, शाळेच्या खोलीत, सभागृहात बसले. लोक आपापल्या भाषेत बोलले, दुभाष्यांनी ते पोचवलं, आणि शिकारी, मासेमार, म्हाताऱ्या बाया यांचं बोलणं त्यांनी तज्ज्ञांच्या आकड्यांच्या शेजारी पुरावा म्हणून ठेवलं. शेवटी त्यांनी सांगितलं, दहा वर्षं थांबा, आधी या लोकांचे जमिनीचे प्रश्न सोडवा. दुभाष्याचं काम करणाऱ्या मला हे वाचताना अंगावर काटा आला. एखादी चौकशी अशीही होऊ शकते!

नर्मदेच्या खोऱ्यातही मोर्स समिती गावांत गेली. जून १९९२मध्ये अहवाल आला. या परिस्थितीत सगळ्या विस्थापितांचं पुनर्वसन होणं शक्य नाही, बँकेनं मागं सरावं, असं त्यात होतं. बँकेच्या संचालकांनी ऑक्टोबरमध्ये तरीही अटी घालून काम पुढं रेटलं. मार्च १९९३ला भारत सरकारनं उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. सप्टेंबरमध्ये बँकेनं तपासणी पॅनेल नेमायचा ठराव केला. बँकेच्या प्रकल्पाचा फटका बसलेली माणसं आज जगात कुठूनही तिथं तक्रार करू शकतात. १९९४ साली ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी धरणांच्या कर्जाविरुद्ध जाहीरनामा काढला, त्याला नाव दिलं ‘मणिबेली जाहीरनामा’. मणिबेली म्हणजे आमच्या अक्कलकुवा तालुक्यातलं, महाराष्ट्रात सगळ्यात आधी पाणी चढलेलं गाव.

गावाचं नाव जगभर गेलं, पण गाव वाचलं नाही. बँक गेल्यावरही धरण वर चढत राहिलं, १३८.६८ मीटरपर्यंत, आणि २०१७ साली त्याचं लोकार्पण झालं. मी या दोन्ही गोष्टी एकत्रच धरते. आजीच्या नातवंडांना उद्या कुठल्या परक्या बँकेविरुद्ध दाद मागायची झाली तर एक दार आहे, आणि ते मणिबेलीच्या लोकांनी उघडलंय. फक्त त्या दारावर ठोठवायला कागद लिहावा लागतो, आणि कागदात शब्द कुणाचे, हा प्रश्न तिथंच उभा राहतो.

आमच्या ऑफिसातलं सांगते. २०२० साली अमेरिकेत मिनियापोलिसला पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला मारलं, त्यानंतर काही महिन्यांत बड्या मदत संस्थांची निवेदनं निघाली. आम्ही आमच्या आत दडलेल्या वर्णद्वेषाचा शोध घेऊ, असं सगळ्यांनी लिहिलं. आमच्या देणगीदारांचं निवेदनही आलं. मला सांगितलं, मराठीत कर आणि क्षेत्र कार्यकर्त्यांना वाचून दाखव. मी दोन दिवस बसून चांगलं भाषांतर केलं. वाचून झाल्यावर आमचा एक पावरा कार्यकर्ता म्हणाला, “ताई, आपल्या संस्थेचे ट्रस्टी कोण कोण आहेत?” नऊ जण. सात पुण्या-मुंबईचे, दोन शहाद्याचे. आदिवासी एकही नाही. काम शंभर टक्के आदिवासींमध्ये, आणि संस्था स्थापन होऊन तेव्हा छत्तीस वर्षं झाली होती.

गोऱ्या माणसाकडे बोट दाखवणं आपल्याला सोपं जातं. माझा रंग सावळा, माझं इंग्रजी खानदेशी वळणाचं, पुण्याच्या बैठकांत माझ्या ‘न’ आणि ‘ण’ला लोक हसलेत. त्यामुळे बाहेर गेलं की मी आपोआप ‘स्थानिक आवाज’ होते. पण पाड्यावर मी मॅडम आहे. माझा पगार त्यांच्या दुःखाच्या वर्णनावर चालतो. हे मला कुणी सुनावलं नाही, मला ते दिसलं, आणि एकदा दिसल्यावर नजरेआड करता येईना. २००१ साली डर्बनला वर्णद्वेषाविरुद्धची जागतिक परिषद झाली, तेव्हा दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन तिथं गेले आणि आपलं सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे, हा विषय इथला नाही. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं स्पष्ट केलं की जन्मावरून होणाऱ्या भेदभावात जातही येते. आपल्या संस्थांनी मात्र परिषदेतला सरकारचा युक्तिवाद मनातल्या मनात पकडून ठेवलाय. वर्णद्वेष तिकडचा, इकडे फक्त ‘प्रतिनिधित्वाची थोडी कमतरता’.

सर्वेक्षणाचे फॉर्मही तसेच. एका फॉर्मात प्रश्न होता, कुटुंबातल्या प्रत्येकाचा व्यवसाय काय, महिन्याचं उत्पन्न किती. आजीच्या नावापुढं मी स्वतः ‘बेरोजगार’ असं लिहिलेलं आहे. भगर, ज्वारी, तूर, मोहाची फुलं, आमचूर, शेळ्या, बी जपून ठेवणं, आणि लाहाला जाणं, म्हणजे एकमेकांच्या शेतात पाळीपाळीनं बिनपैशाचं काम करणं. यातल्या कशालाच फॉर्मात रकाना नव्हता. ऊस तोडायला गुजरातेत गेलेला तिचा मुलगा तेवढा ‘रोजगार असलेला’. रकाने ठरवणारी मुलगी हुशार होती, मनानं चांगली होती, मला तिच्याबद्दल राग नाही. तिनं नंदुरबार जिल्हा पाहिला नव्हता एवढंच. आणि रकाने बदलायचा अधिकार मला नव्हता.

२०२३मध्ये युरोपातल्या एका शहरात मदतीच्या निर्वसाहतीकरणावर तीन दिवसांची बैठक होती. आमच्याकडून दोघींना बोलावणं आलं. मला, आणि वनहक्क समितीवर काम करणाऱ्या पाड्यावरच्या एका बाईला, आजीच्या सुनेला. तिनं आधी धडगावला जाऊन फोटो काढला, मग नाशिकला पासपोर्टसाठी, मग मुंबईला बोटांचे ठसे द्यायला. व्हिसाच्या अर्जाला सहा महिन्यांचं बँकेचं खातं लागतं, आयकराचा कागद लागतो, आणि तुम्ही परत याल याचा पुरावा म्हणून घर-जमिनीचे कागद लागतात. तिच्याकडे जमिनीचा कागद म्हणजे वनहक्क दाव्याची पोच. दावा तेव्हाही पडून होता, आजही पडून आहे. तीन आठवड्यांनी नकार आला. छापील कारण असं की अर्जदार मायदेशी परत येईल याची खात्री वाटत नाही.

जिच्या घराण्यानं चार पिढ्या तो डोंगर सोडला नाही, तिच्याबद्दल ही शंका! परत येशील याचा पुरावा म्हणजे जमीन, आणि जमीन तिच्या नावावर नाही, कारण ती अतिक्रमणदार. एका शब्दानं तिला स्वतःच्या शेतात परकी केलं आणि त्याच शब्दानं ती शेताबाहेर पाऊल टाकू नये याचीही सोय केली. मी एकटी गेले. जाऊ नये असं वाटत होतं. ती म्हणाली, “जा आणि हे तिथं सांग.” म्हणून गेले आणि सांगितलं.

तिथं मला रॉटरडॅमहून आलेली एक बाई भेटली. तिच्या पणजीची आई १८७३ साली कलकत्त्याहून ‘लल्ला रूख’ जहाजानं दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली होती, गिरमिटावर, म्हणजे मळ्यांवरच्या कराराच्या मजुरीवर. डच वसाहतीत गुलामगिरी १८६३ साली कायद्यानं संपली, पण मुक्त झालेल्यांना पुढं दहा वर्षं मळ्यांवरच सक्तीनं राबावं लागलं. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, सुरिनाममध्ये माणशी ३०० गिल्डर. ती दहा वर्षं संपत आली तसे मळ्यांना नवे हात हवे होते, म्हणून हिंदुस्थानातून जहाजं निघाली. तिची सरनामी, म्हणजे सुरिनाममधल्या हिंदुस्थानी लोकांची बोली, आणि माझी हिंदी जोडून जोडून आम्ही रात्री उशिरापर्यंत बोललो. आदल्या डिसेंबरात डच पंतप्रधानांनी गुलामगिरीबद्दल माफी मागितली होती. सुरिनामी संघटनांचं म्हणणं होतं की ती १ जुलैला मागा, तो आमचा मुक्तीचा दिवस आहे. सरकारनं १९ डिसेंबर ठरवला. “माफी कधी मागायची हेसुद्धा त्यांनीच ठरवलं,” ती म्हणाली. पुढं १ जुलै २०२३ला राजानंही माफी मागितली, पण तिच्या बोलण्यातला सल मला पुरता कळला होता.

मी तिला सांगितलं, १८७३ सालीच पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं, आणि अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्यांच्या गुलामगिरीविरुद्ध झीज सोसली त्यांना ते अर्पण केलं. तिनं ते साल दोनदा विचारून घेतलं. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातला एक माळी समाजातला माणूस शूद्रातिशूद्रांचं दुःख आणि समुद्रापलीकडच्या गुलामांचं दुःख एकाच मापानं मोजत होता. त्याला कुठल्या परिषदेचं आमंत्रण लागलं नाही. शिवाय त्यानं गोऱ्या राज्यकर्त्याचे दोष सांगताना घरच्या भटशाहीला सूट दिली नाही, आणि भटशाहीवर बोलताना वन खात्यानं शेतकऱ्यांची कुरणं, डोंगर कसे गिळले हेही लिहून ठेवलं. मला आजच्या सगळ्या चर्चेत हाच माणूस सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

पैशांचं थोडक्यात सांगते. २०१६ साली इस्तंबूलच्या जागतिक परिषदेत मोठ्या देणगीदारांनी कबूल केलं की आपत्तीच्या मदतीतला किमान २५ टक्के पैसा २०२०पर्यंत होता होईल तो थेट त्या त्या देशातल्या संस्थांच्या हाती जाईल. २०२० उलटलं, तो आकडा गाठला गेला नाही. आणि त्याच २०२०च्या सप्टेंबरात आपल्याकडे परदेशी देणगीचा कायदा बदलला. एका संस्थेनं दुसरीला ती देणगी द्यायला पूर्ण बंदी, प्रशासनाच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २०वर. आम्ही ज्या तीन छोट्या आदिवासी संस्थांना आमच्यातला वाटा देत होतो, त्यांचा ओघ एका दिवसात आटला. तिकडून म्हणायचं स्थानिकांना द्या, इकडून म्हणायचं देता येणार नाही, आणि पाड्यावर पोचेपर्यंत दोन्हीकडचे कागदच पोचतात.

बैठकीत शेवटच्या दिवशी ठरावाचा मसुदा फिरला. इंग्रजीत चौदा पानं. मी विचारलं, हे पावरीत कोण वाचून दाखवणार? भाषांतरासाठी तरतूद नाही, असं उत्तर मिळालं. मी एकच मागणी केली. ज्या गावाबद्दल कागद असेल, तो पक्का होण्याआधी त्या गावात, त्या गावाच्या भाषेत, मोठ्यानं वाचला जावा. ऐकायला बसणाऱ्यांची त्या दिवसाची मजुरी अंदाजपत्रकात धरावी. आणि गावानं शब्द बदलायला सांगितला तर तो बदलावा. हे काही माझं डोकं नाही. आपल्या २००६च्या वनहक्क कायद्यानं वसाहतीच्या काळापासून झालेला ‘ऐतिहासिक अन्याय’ कबूल केलाय, आणि त्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचं तोंडी कथन लिहून घेऊन पुरावा म्हणून धरायची सोय आहे. १८७८ साली ज्या आठवणीला वजन नाकारलं, तिला कायद्यानं १२८ वर्षांनी वजन दिलं. कायद्याला जे जमलं ते देणगीदाराला का जमू नये? माझी मागणी ठरावात आली नाही, परिशिष्टात आली. मी त्यावरही सही केली, कारण परिशिष्टाचा हवाला देऊन पुढं भांडता येतं, आणि तेव्हापासून मी भांडतेच आहे.

आमच्या ट्रस्टवर आता दोन पावरा सदस्य आहेत, एक ती सून. फॉर्मात ‘शेती व वनोपज’ असा रकाना आलाय. अहवालात चौथ्या पानावर मी अतिक्रमण खोडून ‘नेवाड’ लिहिलं. तिकडच्या संपादकानं शेरा मारला, अपरिचित शब्द, बदला. मी सहा ओळींची तळटीप दिली, त्यात लिहिलं की या जमिनीवरचे दगड आजीच्या सासऱ्यानं वेचले आणि बांध घातला, आणि शब्द ठेवा असं कळवलं. दोन महिने मेल इकडून तिकडे फिरले. शेवटी शब्द राहिला.

छापील प्रत घेऊन मी या आमचूरच्या हंगामात पुन्हा ओट्यावर गेले. पुन्हा कैऱ्यांचा ढीग, पुन्हा टोपली. आजीला आता कमी दिसतं, पण ऐकू चांगलं येतं. तिनं विचारलं, माझं बोलणं कुठल्या पानावर आहे? मी तिचं बोट धरून त्या तळटिपेवर टेकवलं आणि वाचून दाखवलं.

ती म्हणाली, “सासऱ्यानं नाही. सासरा मजुरीला खाली गेलेला असायचा. दगड सासूनं वेचले. तेव्हा तिच्या पाठीला पोर बांधलेलं होतं.”

ती दोन वर्षांपूर्वी ‘घरच्यांनी’ म्हणाली होती. सासरा मी घातला होता. आणि वनहक्काच्या दाव्याला जोडलेलं तिचं कथनही मीच लिहून घेतलेलं आहे, त्यातही सासराच आहे. सचिव म्हणाला, ग्रामसभा पुढच्या सोमवारी आहे, तिथं दुरुस्तीचा ठराव घेऊ. आजीनं विचारलं, सासूचं नाव लिहायला येईल ना तुला? मी वहीत लिहिलं आणि तिला तीनदा वाचून दाखवलं.